पर्वतीच्या पायथ्याचें तळें आणि सारसबाग

कांहीं वर्षांपूर्वीं, अध्यापनाच्या अखेरच्या दिवसांत, प्रस्तुत लेखक सातव्या इयत्तेच्या मुलांस घेऊन पर्वतीवर गेला होता. देवदेवेश्वराचें दर्शन झाल्यावर मुलांस कठड्यापाशीं उभें करून खालचें शहर दाखवीत असतां ‘‘तो पाहा तळ्यांतला गणपति’’ असें मीं सहज म्हटलें. त्यावर एका मुलानें विचारलें, ‘‘सर, पण तळें कोठें आहे?’’ ‘‘आटलें,’’ असें एका शब्दांत उत्तर देऊन मीं मुलांना पुढें नेलें. घरीं आल्यावर तें उत्तर मनास खटकूं लागलें, कारण तें चूक होतें. पर्वतीचें तळें उन्हानें किंवा अवर्षणानें आटलेलें नाहीं. तें मनुष्यांनीं बांधलें, मनुष्यांनींच कोरडें केलें, आणि ज्या ओढ्यामुळें तें बांधावें लागलें तो ओढा अद्याप वाहत आहे. इतक्या गोष्टी ‘आटलें’ या एका शब्दाखालीं झांकल्या गेल्या. त्या मुलास द्यावयाचें राहून गेलेलें उत्तर येथें देण्याचा विचार आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. जुनी संवय सुटत नाहीं. ‘तलाव’ हा शब्द संस्कृत ‘तडाग’ या शब्दापासून प्राकृत ‘तलाअ’ या रूपाच्या द्वारें आपल्याकडे आला. अमरकोशाच्या वारिवर्गांत तडाग, कासार, सरसी, सरस् हे शब्द शेजारीं शेजारीं बसविलेले आहेत. परंतु धर्मशास्त्रांत तडागाचें स्थान निराळें आहे. वापी, कूप व तडाग यांची गणना पूर्तकर्मांत होते. सरोवर निसर्गानें दिलेलें असूं शकतें. तडाग हा कोणीतरी केलेला असतो, आणि म्हणून त्याच्या करण्याला कर्ता, हेतु व विधि हे तिन्ही लागतात. हा विधि उत्सर्गानें पुरा होतो. यजमान तडागाचें पाणी सर्व भूतांस अर्पण करतो आणि त्यानंतर त्या पाण्यावर त्याचें स्वतःचें असें स्वामित्व उरत नाहीं. सर्वांमधील एक म्हणूनच त्यानें तें वापरावयाचें. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनीं आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासांत प्रतिष्ठा व उत्सर्ग या विषयास स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. जिज्ञासूंनीं तें अवश्य पाहावें.

धर्मशास्त्र असें म्हणत असतां काव्यशास्त्र त्याच पाण्याकडे दुसऱ्या दृष्टीनें पाहतें. दंडीनें महाकाव्यांत काय काय वर्णावें हें सांगतांना उद्यानक्रीडा व जलक्रीडा यांना जागा दिली आहे. कालिदासानें रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत कुशाची शरयूंतील जलक्रीडा वर्णिली. माघानें शिशुपालवधाच्या आठव्या सर्गांत यादवांची. एकाच्या दृष्टीनें पाणी हें दान, दुसऱ्याच्या दृष्टीनें विलास. पर्वतीच्या तळ्याचा इतिहास पाहूं गेल्यास या दोन्ही दृष्टि तेथें भेटतात. परंतु या दोहोंच्याही आधींची एक तिसरी दृष्टि आहे. ती स्थपतीची, आजच्या भाषेंत इंजिनियराची. ती सर्वांत आधींची असून लोकांस तिचाच विसर सर्वांत आधीं पडला.

‘सारसबाग’ या नांवाविषयींही दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पुष्कळ लोक ‘सरस’ म्हणजे चांगली, म्हणून सारसबाग, असें समजतात. तें बरोबर नाहीं. ‘सरस्’ म्हणजे तळें. तेथें असणारा तो ‘सारस’. उंच मानेच्या व लांब पायांच्या त्या पक्ष्यास हें नांव याच कारणानें मिळालें. तेव्हां नांव पक्ष्यावरून दिलें असें माना, किंवा सरळ तळ्यावरून दिलें असें माना, दोन्ही अर्थांनीं त्यांत पाणी आहे. पूर्वपद संस्कृत आणि उत्तरपद फार्सी असा हा समास वैयाकरणास रुचणारा नव्हे. पण पेशव्यांच्या पुण्यास तो रुचला आणि पुणेकरांच्या जिभेवर तो अडीचशें वर्षें टिकला. पाणी गेल्यावरही नांव राहिलें, ही त्याचीच महती म्हणावी.

आतां जागेकडे वळूं. पुण्याच्या दक्षिणेस कात्रजचे डोंगर आहेत. त्या डोंगरांतलें पावसाचें पाणी घेऊन आंबील ओढा उत्तरेकडे उतरतो, पर्वतीच्या पायथ्याशीं येतो, तेथून पश्चिमेकडे वळतो आणि दांडेकर पुलाखालून जाऊन मुठेस मिळतो. आज त्याचा मार्ग हा असा आहे. मूळचा मार्ग असा नव्हता. पूर्वीं हा ओढा पर्वतीपासून उत्तरेस, आज जेथें दाट वस्तीच्या पेठा आहेत त्या भागांतून वाहत जाऊन शनिवारवाड्याच्या बाजूस मुठेस मिळत असे. लहान कसब्याच्या काळीं गांवाच्या कडेनें जाणारा ओढा सोयीचा होता. त्याचें पाणी मिळे व त्याच्या पात्रानें गांवाची एक बाजू आपोआप राखली जाई. परंतु राजधानी झाल्यावर पुणें वाढूं लागलें, आणि वाढत्या शहराच्या मध्यें पावसाळ्यांत फुगणारा व उन्हाळ्यांत डबकीं करून राहणारा ओढा ही एक अडचण होऊन बसली.

पर्वतीवरचें देवदेवेश्वराचें देऊळ श्रीमंत बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनीं बांधविलें. त्याची प्रतिष्ठा इ. स. १७४९ मध्यें झाली. मातोश्री काशीबाईंच्या पायाचें दुखणें या टेकडीवरील देवीच्या नवसानें बरें झालें, म्हणून हें देऊळ झालें, अशी परंपरागत कथा आहे. देऊळ उभें राहिल्यानंतर नानासाहेबांनीं पायथ्याकडे लक्ष घातलें. ओढ्यास बांध घालावा, अडलेल्या पाण्याचें तळें करावें, आणि ओढ्याचा प्रवाह पश्चिमेकडून मुठेस काढून द्यावा, अशी ही योजना होती. बांधाच्या एका बाजूस तळें झालें आणि दुसऱ्या बाजूस ओढ्याचें जुनें पात्र मोकळें होऊन शहरास वाढावयास जागा झाली. सदाशिव, नारायण वगैरे पेठांचा पुढील विस्तार ज्या निर्वेधपणें झाला त्याचें एक कारण या बांधांत आहे, असें माझें मत आहे. तळें शोभेसाठीं केलें व ओढा वाटेंत आला म्हणून वळविला, असा क्रम सामान्यतः सांगतात. तो उलटा लावला पाहिजे. ओढा आवरावयाचा होता, आणि आवरलेलें पाणी शोभेस आलें.

या कामाविषयींची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. काम मंद चाललेलें पाहून नानासाहेब एके दिवशीं हत्तीवरून खालीं उतरले आणि स्वतः दगड उचलून बांधावर नेऊं लागले. धन्यानें दगड उचलला म्हटल्यावर बरोबरच्या सरदार-मुत्सद्द्यांस उभें राहणें शक्य नव्हतें. तेही अंगरखे सांवरून दगड वाहूं लागले आणि काम झपाट्यानें पुरें झालें. अशा कथा अनेक तलावांच्या व अनेक राजांच्या नांवें सांगितल्या जातात, हें मला माहीत आहे. तरी ही कथा टाकून देण्याजोगी नाहीं. देवळाच्या कामावर राजानें दगड वाहिला तर ती भक्ति होय. बांधाच्या कामावर वाहिला तर तो पावसाळ्याच्या आंत काम उरकण्याचा धाक असतो. अर्धवट बांध हा बांध नसण्यापेक्षां वाईट, हें ज्यानें एकदां तरी शेताचा बांध फुटलेला पाहिला आहे त्यास सांगावें लागत नाहीं.

येथें एक घोटाळा टाळावयास पाहिजे. पर्वतीचें तळें आणि कात्रजचें तळें हीं दोन निराळीं कामें आहेत, जरी दोन्ही नानासाहेबांच्याच कारकीर्दींतलीं आणि एकाच ओढ्यावरचीं आहेत. कात्रजच्या तलावांतून दगडी बांधणीच्या झांकलेल्या नळानें पाणी शहरांत आणलें होतें. वाटेंत ठिकठिकाणीं हवा जाण्यासाठीं व आंत उतरून साफसफाई करण्यासाठीं उंच उच्छ्वास बांधलेले होते, आणि शहरांत शनिवारवाडा, काळा हौद, सदाशिव पेठेचा हौद वगैरे ठिकाणीं हें पाणी खेळविलेलें होतें. पिण्याच्या पाण्याची सोय ती. पर्वतीच्या तळ्याचें प्रयोजन दुसरें. वरच्या अंगास पाणी साठवून शहरास पाजावयाचें आणि खालच्या अंगास त्याच ओढ्याचा लोंढा धरून वळवावयाचा, असा दोन्हींचा मेळ बसविलेला दिसतो. एकच ओढा वर मित्र आणि खालीं शत्रु आहे, हें ज्यांनीं ओळखलें त्यांच्या बुद्धीची तारीफ करावी तेवढी थोडी.

तळें सुमारें पंचवीस एकरांचें असून त्याच्या मध्यें सुमारें पंचवीस हजार चौरस फुटांचें एक बेट मुद्दाम राखलें होतें. या बेटावर नानासाहेबांनीं बाग करविली. तीच मूळची सारसबाग. आजची सारसबाग विस्तीर्ण आहे, पण मूळची बाग एवढ्याशा बेटावरच होती आणि तेथें जाण्यास होडी लागे, हें ध्यानांत ठेवलें म्हणजे पुढील गोष्टी नीट समजतात. नौकाविहार हा पेशव्यांचा येथील मुख्य विनोद. पर्वतीवर देवदर्शन करावें, वाड्यांत विसावा घ्यावा आणि दिवस कलल्यावर खालीं तळ्यांत होड्यांतून फिरावें, असा परिपाठ पडला.

या होड्यांसंबंधीं असें सांगतात कीं, वल्हीं मारावयास हबशी ठेवलेले होते. त्यांस मराठी कळत नसे, म्हणून पेशवे व त्यांचे मुत्सद्दी राजकारणाच्या गुप्त मसलती तळ्याच्या मध्यावर, होडींत बसून करीत. ही कथा मोठी गोड आहे आणि पुण्यांत ती सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र ती संशयास्पद वाटते. हबशी लोक कोंकणच्या किनाऱ्यावर व दक्षिणेंतील दरबारांत अनेक पिढ्या राहिलेले. त्यांस येथील भाषा येत नव्हती असें समजणें धाडसाचें आहे. पण कथेंतला अर्धा भाग खरा असण्यास हरकत नाहीं. वाड्यांत भिंतीला कान असतात. तळ्याच्या मध्यावर भिंतच नसते. मसलतीसाठीं तळें निवडण्यास एवढें कारण पुरे आहे, हबश्यांची गरज नाहीं. विहाराच्या निमित्तानें राजकारण करणें हें राजेलोकांस नवें नव्हतें.

नानासाहेबांस हें सुख फार काळ लाभलें नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर सर्वस्व गेलें; पुत्र विश्वासराव व बंधु सदाशिवरावभाऊ दोघेही परत आले नाहींत. त्याच वर्षीं २३ जून रोजीं नानासाहेबांनीं पर्वतीवरच देह ठेवला. वर्षाकाळाचा आरंभ होता. आपण बांधलेलें तळें भरतांना त्यांनीं त्या वर्षीं पाहिलें असेल कीं नाहीं, असा विचार पर्वतीवरच्या त्या जागेपाशीं उभें राहिलें म्हणजे मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

बेटावरचें गणपतीचें देऊळ सवाई माधवराव पेशव्यांच्या वेळचें, इ. स. १७८४ मधील. सवाई माधवरावांचा जन्म १७७४ चा. म्हणजे या सालीं पेशवे दहा वर्षांचे होते आणि कारभार नाना फडणिसांच्या हातीं होता. तेव्हां देऊळ ‘पेशव्यांनीं बांधलें’ या वाक्याचा अर्थ काय घ्यावा हें वाचकांनीं ठरवावें. सिद्धिविनायकाची ही स्थापना झाल्यावर लोक त्यास ‘तळ्यांतला गणपति’ म्हणूं लागले, आणि येथून तळ्याच्या इतिहासास नवें वळण मिळालें असें मला वाटतें. बाग धन्याची असते, देव सर्वांचा असतो. बेटावर देव बसला म्हणजे तेथें जाण्याचा अधिकार केवळ धन्यापुरता राहूं शकत नाहीं. धर्मशास्त्रांतला उत्सर्ग येथें विधिपूर्वक झाला असो वा नसो, व्यवहारांत त्याचा आरंभ या देवळानें झाला.

याच बाल पेशव्याच्या आवडीमुळें पर्वतीच्या पायथ्याकडे आणखी एक विनोदस्थान उभें राहिलें. तें म्हणजे शिकारखाना. सवाई माधवरावांस पशुपक्ष्यांचा फार नाद होता, आणि त्यांच्या शिकारखान्यांत सिंह, गेंडा वगैरे प्राणी होते. ही केवळ ऐकीव गोष्ट नव्हे. इ. स. १७८६ पासून पुण्यास इंग्रजांचा वकील म्हणून राहिलेला चार्लस् मॅलेट याच्या आश्रयास गंगाराम तांबट नांवाचा एक पुण्याचा चित्रकार होता. त्यानें पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें इ. स. १७९० मध्यें काढलेलें चित्र आज अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या संग्रहांत आहे. मूळचा तांबट कारागीर असलेल्या आपल्या माणसानें समोर उभा राहून गेंडा काढावा आणि तो चित्ररूपानें सातासमुद्रांपलीकडे सुरक्षित राहावा, पण ज्या आवारांत तो गेंडा होता त्याची एक वीटही आपणांस दाखवितां येऊं नये, यावर अधिक लिहिण्यांत अर्थ नाहीं. शिकारखान्याविषयीं व एकंदर जुन्या पुण्याविषयीं द. ब. पारसनीस यांनीं १९२१ सालीं इंग्रजींत लिहिलेलें पुस्तक अजूनही वाचण्यासारखें आहे.

‘रमणा’ हें आणखी एक नांव याच परिसरांतलें. रम् धातूपासून आलेला हा शब्द. रमण्याचें ठिकाण, मृगयेसाठीं राखलेलें आवार, असा त्याचा मूळ अर्थ. पर्वतीच्या रमण्यांत मात्र श्रावणमासीं दक्षिणेसाठीं आलेल्या ब्राह्मणांची गर्दी होत असे. नांव विहाराचें आणि काम दानाचें, असा हा प्रकार. तळ्यावरही तेंच घडलें.

तळ्याच्या कांठीं नानासाहेबांच्याच काळची हिराबाग होती. दुसरे बाजीराव इंग्रजांच्या मदतीनें १८०३ च्या मे महिन्यांत पुन्हां गादीवर बसले, आणि त्यानंतर लॉर्ड व्हॅलेन्शिया नांवाचा इंग्रज प्रवासी पुण्यास आला. त्याची मेजवानी पेशव्यांनीं हिराबागेंत केली. व्हॅलेन्शियानें १८०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रवासवर्णनांत तळें, त्यांतलें बेट व देऊळ आणि पलीकडची पर्वती या देखाव्याची प्रशंसा केली आहे. देखावा सुंदर होता यांत शंका नाहीं. परंतु तो पाहुण्यास दाखविला जाण्यापूर्वींच, २५ ऑक्टोबर १८०२ रोजीं, हडपसरच्या बाजूस होळकरांनीं पेशवे-शिंद्यांच्या फौजेचा मोड केला होता, आणि ३१ डिसेंबरला वसईच्या तहावर सही होऊन स्वातंत्र्याचा सौदा झाला होता. तळें तेंच, होड्याही त्याच. फक्त मध्यावर बसून करावयाची मसलत उरली नव्हती. पुढें ५ नोव्हेंबर १८१७ रोजीं खडकीची लढाई बाजीरावांनीं पर्वतीवरून पाहिली. ज्या खिडकींतून ती पाहिली म्हणतात ती अद्याप दाखवितात, आणि आमच्या मुलांस पर्वतीवर सर्वांत अधिक आवडते ती हीच खिडकी.

इंग्रजी अमलांतील तळ्याचा इतिहास थोडक्यांत आटोपतां येईल. हिराबागेंत शहराचे सभा-समारंभ होऊं लागले. तळें तसेंच राहिलें, परंतु त्यास धनी राहिला नाहीं. ओढ्यावर बांधलेल्या कोणत्याही तळ्याचा एक नियम आहे: ओढा पाण्याबरोबर माती आणतो, पाणी सांडव्यानें निघून जातें व माती तळाशीं राहते. दरसाल थोडा गाळ काढीत गेल्यास तळें शेंकडों वर्षें टिकतें. पन्नास-पाऊणशें वर्षें कोणी हात न लावल्यास तें उथळ होतें, गवत माजतें, आणि उथळ स्थिर पाणी म्हणजे डासांचें माहेरघर. राज्यें बुडाल्याचें किल्ल्यांवरून कळतें असें आपण म्हणतो. मला वाटतें, त्याआधीं तें तळ्यांच्या गाळावरून कळतें. शिवाय १८७९ सालीं खडकवासल्याचें धरण पुरें होऊन मुठेचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून वाहूं लागल्यावर शहराच्या पाण्याचा विचार नदीच्या वरच्या अंगास गेला. पेशव्यांच्या तळ्याकडे जलाशय म्हणून पाहण्याचें कोणास कारण उरलें नाहीं. विसाव्या शतकांत तळें कोरडें करण्यांत आलें.

कोरड्या झालेल्या जागेंत इमारती उठल्या नाहींत, हें पुण्याचें भाग्य. १९५३ सालीं महानगरपालिकेनें तेथें पेशवे पार्क केलें व त्यांत प्राणिसंग्रह ठेवला; सवाई माधवरावांच्या शिकारखान्यानंतर सुमारें दीडशें वर्षांनीं पर्वतीच्या पायथ्याशीं पुन्हां सिंह आले. १९५६ सालीं तेथें मुलांसाठीं ‘फुलराणी’ नांवाची छोटी आगगाडी सुरू झाली. प्रस्तुत लेखकाच्या बालपणींचा या गाडीएवढा मोठा आनंद दुसरा सांगतां येणार नाहीं. सदाशिव पेठेंतल्या आमच्या वाड्याच्या गच्चीवर निजलें म्हणजे रात्रीं शांत वेळीं सिंहाची गर्जना ऐकूं येई, आणि आजी म्हणे, ‘‘नीज बाळा, तो तळ्यावरचा सिंह आहे.’’ तळें तिनेंही पाण्यासकट पाहिलेलें होतें किंवा कसें हें मीं तेव्हां विचारलें नाहीं. लहानपणीं जें विचारावयाचें राहतें तें राहूनच जातें.

उरलेल्या जागेंत आजची विस्तीर्ण सारसबाग झाली. बेटाचें उंचवट्याचें स्थान आणि त्यावरचें देऊळ तेवढें जागच्या जागीं आहे. मूर्ति मूळची नव्हे, ती पुढें बदललेली आहे. देवळाभोंवतीं लहान कुंडें असून त्यांत कमळें लावलेलीं आहेत. पहांटे फिरावयास येणाऱ्यांची, व्यायाम करणाऱ्यांची आणि हास्यमंडळींची येथें दाटी असते. संध्याकाळीं हिरवळीवर कुटुंबेंच्या कुटुंबें बसतात व बाहेर भेळ-पाणीपुरीच्या दुकानांवर उभें राहावयास जागा नसते. चतुर्थीस, विशेषतः अंगारकीस, दर्शनाच्या रांगा लागतात. थंडीच्या दिवसांत गणपतीस लोंकरी स्वेटर व कानटोपी घालतात. बाहेरगांवच्या लोकांस याचें हसूं येतें, पण ज्या देवास शंभराहून अधिक वर्षें पाण्यांत राहावें लागलें त्यास थंडी वाजत असेल असें पुणेकरांस वाटल्यास त्यांत नवल नाहीं. दिवाळीच्या पाडव्यास सूर्योदयापूर्वीं सहस्रावधि दिव्यांनीं ही बाग उजळते आणि नवीं वस्त्रें ल्यालेली तरुण मंडळी तेथें लोटते. धन्याच्या होडीशिवाय जेथें पाय ठेवतां येत नसे तेथें आज कोणीही येतो, बसतो, खातो, आणि नमस्कार करून जातो. एवढ्यापुरता उत्सर्ग पूर्ण झाला.

पेशवे पार्कांतील प्राण्यांस जागा अपुरी पडूं लागली तेव्हां १९९९ सालीं सुरू झालेल्या कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयांत त्यांस हलविण्यांत आलें. हें संग्रहालय कात्रजच्या तलावाच्या सान्निध्यांत आहे. म्हणजे पर्वतीच्या तळ्यावरचे सिंह त्याच आंबील ओढ्यानें वर चढून नानासाहेबांच्या दुसऱ्या तळ्यावर गेले. हें कोणी योजून केलें असें नाहीं. पण पाण्याची जागा एकदां ठरली म्हणजे माणसाचे विनोद पुनःपुन्हां तिच्याच कांठीं येतात, याचें हें चांगलें उदाहरण आहे.

आतां ओढ्याविषयीं. नानासाहेबांनीं वळविलेल्या मार्गानेंच तो आजही मुठेस जातो. त्याच्या दोन्ही कांठांवर गेल्या साठ-सत्तर वर्षांत वस्ती वाढली. पात्र अरुंद झालें, ठिकठिकाणीं त्यावर भिंती व पूल आले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्रीं दक्षिणेकडच्या डोंगरांवर अतोनात पाऊस झाला, कात्रजचें तळें भरून वाहूं लागलें आणि आंबील ओढ्यास असा लोंढा आला कीं, अरण्येश्वर, सहकारनगरपासून दांडेकर पुलापर्यंतच्या वस्त्यांत पाणी शिरलें. पुणें व आसपासच्या भागांत मिळून वीसाहून अधिक माणसें दगावलीं. त्यांतलीं कांहीं अरण्येश्वराजवळ भिंत कोसळून गेलीं. त्याच्या सुमारें एक वर्ष आधीं, २७ सप्टेंबर २०१८ रोजीं, मुठेच्या कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाजवळच्या गरीब लोकांचे संसार वाहून गेले होते. एकाच वस्तीवर दोन वर्षांत दोन पाणीं आलीं. पुढें २०२१ च्या जून महिन्यांत ओढ्याचा प्रवाह सरळ करण्याच्या नांवाखालीं तेथील झोंपड्या पाडण्यास सुरुवात झाली तेव्हां मोठा कल्लोळ झाला, तो सर्वांच्या स्मरणांत आहे.

पर्वतीचें तळें राहिलें असतें तर २०१९ चा पूर टळला असता, असें मीं म्हणत नाहीं. पंचवीस एकरांचें तळें तसल्या पावसापुढें काय पुरणार, हें गणित मला करतां येत नाहीं आणि त्यावर भलतेंच विधान करणें शोभणार नाहीं. माझें म्हणणें याहून लहान आहे. पेशव्यांनीं ओढा, बांध, तळें, बेट आणि बाग हें एकच काम म्हणून पाहिलें होतें. आपण त्यांतलें बेट ठेवलें, बाग वाढविली, आणि ओढा व बांध हे शब्द सारसबागेच्या माहितींतून गाळले. बागेंत येणाऱ्या दहा हजार माणसांस विचारल्यास नऊ हजारांस गणपतीच्या स्वेटराची गोष्ट सांगतां येईल. ही बाग एका ओढ्याच्या अडविलेल्या पाण्याच्या जागीं आहे व तो ओढा येथून हांकेच्या अंतरावर आहे, हें शंभरांसही सांगतां येणार नाहीं. तीन वर्षांपूर्वींपर्यंत मलाही तें मुलांस सांगावेंसें वाटलें नव्हतें, मग इतरांस नांवें कोणत्या तोंडानें ठेवावीं?

अलीकडे मी सकाळीं फिरावयास जातांना सारसबागेंतून न जातां मुद्दाम दांडेकर पुलावरून जातों. उन्हाळ्यांत खालीं पाहिलें तर काळ्या पाण्याची एक बारीक धार, प्लास्टिकच्या पिशव्या आणि कांठावर वाळत घातलेले कपडे एवढेंच दिसतें. मागच्या आषाढांत मात्र एका सकाळीं धार तांबडी झाली होती. वर कात्रजला पाऊस झाला असला पाहिजे. पुलावर दोन बायका कठड्यास टेकून पाण्याकडे टक लावून उभ्या होत्या. त्यांतली एक दुसरीस म्हणाली, ‘‘काल संध्याकाळपेक्षां हातभर वर आलंय गं.’’